हाडातले मणी

सौंदड हे मुंबई-कोलकाता महामार्गावरचं आणि गोंदिया-बल्लारशाह रेल्वेवरचं गाव. महामार्गाचा नंबर आधी ६ होता, आता ५३ झालाय. नंबर बदलला, पण ट्रक तसेच धावतात आणि माणसांचे पायही तसेच मोडतात. रोवणीच्या दिवसांत चिखलणीच्या ट्रॅक्टरखाली, कापणीनंतर मळणी यंत्रात आणि बाराही महिने या रस्त्यावर. मी नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात हाडांच्या थिएटरमध्ये सिस्टर होते. निवृत्त होऊन गावी आले, तशी एक्स-रेच्या पिशव्या घेऊन माणसं ओसरीवर येऊ लागली. कुणाची जखम वर्षभर वाहते आहे, कुणाच्या सळीपाशी पू झालाय, कुणाचं हाड जुळतच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो, “सिस्टर, हाडात औषधाचे मणी घालतो म्हणते डॉक्टर. घालू द्यावं का जी?”

मी डॉक्टर नाही. कुणाला काय करावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. पण थिएटरच्या ट्रॉलीशी आणि ड्रेसिंगच्या टेबलाशी उभं राहून जे पाहिलं, वाचलं, पटलं, ते इथे नंबर घालून लिहिते. नंबरांना फारसा अर्थ नाही. पहिले दोन मात्र वगळू नका.

१. जिथे रक्त नाही, तिथे सलाईन पोचत नाही

हाडात लागण झाली की आत पू कोंडतो. त्याच्या दाबाने आणि सुजेने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि हाडाचा तेवढा तुकडा मरतो. मग पाट फुटलेल्या बांधीसारखी गत होते. तलाव तुडुंब भरला असला तरी त्या बांधीत थेंब येत नाही. शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक रक्ताच्याच वाटेने जाणार. महिनाभर महागड्या बाटल्या चढवल्या, ताप उतरला, सूज ओसरली, घरी गेले आणि पुन्हा तिथेच फोड येऊन फुटला, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल.

दुसरी अडचण जंतूंची. मेलेल्या हाडावर आणि शेजारच्या सळी-प्लेटवर ते एक चिकट थर करून राहतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या आत दडलेले जंतू मारायचे तर मोकळ्या जंतूंच्या तुलनेत शेकडो पट, कधी हजार पट तीव्र औषध लागतं. तेवढं औषध शिरेतून द्यायचं म्हटलं तर जंतूंच्या आधी माणसाचं मूत्रपिंड जाईल. व्हॅन्कोमायसिन घ्या. रक्तातली त्याची पातळी मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ लागली की डॉक्टर क्रिएटिनिनकडे, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीकडे, डोळे लावून बसतात. जेंटामायसिनने मूत्रपिंडाबरोबर कानही जाऊ शकतात. तेच औषध हाडाच्या पोकळीत ठेवलं, तर तिथली पातळी पहिल्या काही दिवसांत शेकड्यांच्या घरात जाते आणि रक्तात फारच थोडं उतरतं. मणी, गोळ्या, पूड, औषध लावलेली सळी, या सगळ्यांमागे एवढा एकच विचार आहे.

फारच थोडं म्हणजे शून्य नव्हे. मूत्रपिंड आधीच दुबळं असेल, साखर जुनी असेल, तर मणी घातल्यावरही क्रिएटिनिन तपासतात आणि लघवी किती झाली ते लिहितात. नातेवाइकांनी त्या लघवीच्या भांड्याला हसू नये.

२. मण्यांच्या आधी चाकू

लोकांना वाटतं मणी हाच उपचार. खरा उपचार म्हणजे मेलेलं हाड काढून टाकणं. मणी त्याच्या मागून येतात.

मेलेलं हाड ओळखू येतं. ते पांढरट आणि कोरडं असतं, घासलं तरी रक्त येत नाही. सर्जन ते छिन्नीने आणि बर्रने खरवडत जातात. खरवडता खरवडता हाडाच्या पृष्ठभागावर बारीक लाल ठिपके उमटायला लागले, की जिवंत हाड आलं असं समजून थांबतात. ठिपके येण्याआधी थांबलं, तर वर सोन्याचे मणी घातले तरी जखम परत वाहणार. थिएटरमध्ये माझ्या मनात सर्जनची पारख यावरच व्हायची: हाडाचा तुकडा हातात घेतल्यावर तो किती वेळ विचार करतो आणि शेवटी तो तुकडा कुठल्या भांड्यात टाकतो.

ही गोष्ट जग युद्धात शिकलं. पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंग फ्रान्समधल्या बुलोनच्या लष्करी रुग्णालयात होते. पेनिसिलिनचा शोध अजून लागायचा होता. सैनिकांच्या जखमांत जंतुनाशकं ओतूनही पू का थांबत नाही, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी काचेची नळी तापवून तिला बाहेरच्या बाजूने पोकळ काटे काढले, म्हणजे फाटलेल्या जखमेतल्या सांदीकोपऱ्यांची नक्कल झाली. त्या नळीत जंतू वाढवले, वरून जंतुनाशक भरलं, ओतून दिलं. काट्यांच्या टोकांतले जंतू जिवंतच राहिले. त्याच युद्धात अलेक्सिस कॅरेल आणि हेन्री डेकिन यांनी अर्धा टक्का हायपोक्लोराइटचं पाणी रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी जखमेत सोडायची पद्धत बसवली आणि तिचा उपयोग झाला. पण तिच्यात जखम आधी रुंद उघडून मेलेलं मांस काढायची अट होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या खिशात सल्फाच्या पुडीचं पाकीट असायचं, जखम झाली की भुरभुरायचं. मोजणी झाली तेव्हा दिसलं की नुसत्या पुडीने लागण कमी झालेली नाही.

एवढ्या रक्तानंतर मिळालेलं ज्ञान आहे हे. तरी आजही “ऑपरेशन नको, नुसते मणी घाला” म्हणणारे पेशंट भेटतात, आणि क्वचित तसं करून देणारेही.

३. सगळे नमुने फॉर्मालिनमध्ये टाकू नका

मण्यांत कुठलं औषध घालायचं ते आत कुठला जंतू आहे यावर ठरतं. जखमेच्या तोंडावरचा पू काडीला लावून लॅबला पाठवला तर चामडीवरचे भलतेच जंतू उगवून येतात. खरा नमुना खोलातला: हाडाचे आणि लगतच्या मांसाचे तुकडे, वेगवेगळ्या जागांहून चार-पाच, शक्यतो प्रत्येकाला स्वच्छ वेगळं हत्यार. पेशंट स्थिर असेल तर डॉक्टर त्याआधी दोनेक आठवडे अँटिबायोटिक बंद करतात. घरच्यांना हे भयंकर वाटतं. “पू चालू आहे अन् औषध बंद?” पण औषध चालू असताना घेतलेल्या नमुन्यात जंतू अर्धमेले असतात, ते लॅबमध्ये वाढत नाहीत, आणि ‘काही उगवलं नाही’ असा निरुपयोगी रिपोर्ट हाती येतो.

सिस्टरांसाठी आणि ओटीतल्या पोरांसाठी खास: कल्चरचा तुकडा निर्जंतुक कोऱ्या डबीत. फॉर्मालिन फक्त त्या एका तुकड्याला, जो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला जाणार आहे. फॉर्मालिन जंतूंना मारतं. त्यात पडलेल्या तुकड्याचं कल्चर होत नाही. आणि आपल्याकडे हाडाचा क्षय दुर्मीळ नाही, म्हणून एक तुकडा क्षयाच्या तपासणीलाही गेला पाहिजे. क्षय निघाला तर उपचाराची सगळी दिशाच बदलते, महिनोन् महिने गोळ्या चालतात.

४. मणी थिएटरमध्येच वळले जातात

हे वाचून बऱ्याच जणांना नवल वाटेल, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मण्यांची तयार माळ येत नाही. ती आम्हीच करायचो.

सामान साधं. कृत्रिम सांधा बसवायला जे वापरतात ते हाडाचं सिमेंट: ४० ग्रॅम पूड आणि एक कुपी उग्र वासाचं द्रव. सिमेंट म्हटलं तरी बांधकामाशी त्याचा संबंध नाही. ते एक ॲक्रिलिक आहे, पीएमएमए. पुडीत व्हॅन्कोमायसिनच्या बाटलीतली भुकटी घालायची, दोन ते चार ग्रॅम, डॉक्टर सांगतील तेवढी. गाठी फोडून सारखी मिसळायची. अँटिबायोटिक पुडीचंच हवं. जेंटामायसिनचं इंजेक्शन सगळीकडे मिळतं, पण ते पातळ. पातळ औषध घातलं की सिमेंट नीट घट्ट होत नाही. म्हणून पुडीचं जेंटामायसिन हाताशी नसलं की व्हॅन्कोमायसिनवर भिस्त असते.

मग द्रव ओतायचं आणि घोटायचं. थोड्याच मिनिटांत लगदा हाताला चिकटेनासा होतो, तीच वेळ. स्टीलच्या तारेवर छोटे छोटे मणी वळायचे, एकमेकांत अंतर ठेवून. नागपूरच्या मे महिन्यात एसी रुसला तर सिमेंट हातातच आटपतं. अशा वेळी द्रवाची कुपी आधी गार ठेवलेली बरी. घट्ट होताना लगदा चांगलाच तापतो, सत्तर-ऐंशी अंशांच्याही वर जातो. त्या उष्णतेत टिकतील तीच औषधं चालतात. जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हॅन्कोमायसिन, क्लिंडामायसिन टिकतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली बरीचशी टिकत नाहीत.

मणी लहान का? औषध पृष्ठभागातून सुटतं. एक मोठा गोळा केला तर आतलं औषध आतच राहील. लहान मण्यांची माळ केली तर तेवढ्याच सिमेंटचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. तरीही बरंचसं औषध सिमेंटमध्येच कैद राहतं. पहिल्या काही दिवसांत जोरात सुटतं, मग झिरपतं, मग जवळजवळ थांबतं.

ही युक्ती जर्मनीतली. हाम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी १९७० साली सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळल्याचं छापलं, ते कृत्रिम सांध्यांसाठी. पुढे फ्रँकफर्टच्या क्लाउस क्लेम यांनी त्याच सिमेंटचे मणी करून हाडाच्या पोकळीत घातले. नंतर तिथे कारखान्यात बनवलेल्या माळा मिळू लागल्या: सात मिलिमीटरचा मणी, प्रत्येकात साडेसात मिलिग्रॅम जेंटामायसिन सल्फेट. आमच्या हातचे मणी इतके एकसारखे कधी झाले नाहीत. पण पेशंटला परवडले.

लांब हाडाच्या पोकळीत मण्यांऐवजी सिमेंटची सळी घालतात. अमेरिकेतल्या पेली आणि हर्झेनबर्ग यांनी त्यासाठी छातीतलं पाणी काढायची प्लॅस्टिकची नळी साचा म्हणून वापरली: नळीत सिमेंट भरायचं, मधे तार किंवा सळी, घट्ट झालं की नळी उभी चिरून सोलायची. आपल्याकडेही ते सर्रास करतात. ते पाहताना मला नेहमी वाटायचं, हा शोध आपल्या वॉर्डातल्या कुण्या भाऊने लावलेला शोभला असता.

५. पांढरं पाणी म्हणजे पू असेलच असं नाही

सिमेंटचे मणी विरघळत नाहीत. दुसरी जात विरघळणाऱ्या गोळ्यांची, कॅल्शियम सल्फेटच्या. म्हणजे मूळचं प्लास्टर ऑफ पॅरिसच, फक्त शुद्ध केलेलं. जर्मनीतल्या ड्रीसमन यांनी १८९२ सालीच प्लास्टरमध्ये कार्बोलिक मिसळून क्षयाने पोखरलेल्या हाडांच्या पोकळ्या भरल्या होत्या. अँटिबायोटिकचा जन्म व्हायचा होता, पण विचार तोच.

या गोळ्या घट्ट होताना फारशा तापत नाहीत, त्यामुळे औषधाची निवड मोठी. महिना-दोन महिन्यांत त्या विरघळतात, काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही. महाग आहेत. आणि विरघळताना जखमेतून पांढरट, पातळ पाणी येऊ शकतं. ड्रेसिंग भिजलेलं पाहून घरची बाई रडायला लागते, “पुन्हा पू झाला जी!” वास नाही, ताप नाही, लाली वाढत नाही, जखमेभोवती ठणका नाही, तर ते बहुधा गोळ्यांचंच पाणी. पण हे घरी बसून ठरवायचं नाही. ज्याने घातलं त्यालाच दाखवायचं. क्वचित रक्तातलं कॅल्शियम वाढतं. माणूस मळमळतो, सुस्तावतो, बरळतो. तेव्हा मात्र एक रात्रही थांबू नये.

६. कॅप्सूल फोडून भुरभुरणं म्हणजे हे नव्हे

“औषध जागेवरच द्यायचं असेल तर आम्ही देतोच की,” असं म्हणून एका काकांनी मला खिशातली कॅप्सूल दाखवली. फोडायची, पूड जखमेवर टाकायची, वरून पट्टी. आपल्या भागात हे घरोघरी चालतं. कुणी हळद, कुणी राख, कुणी मेडिकलमधून आणलेली पिवळी पूड. वर खपली धरते आणि खाली पू कोंडतो.

थिएटरमध्ये पूड टाकतात, तीही खरी गोष्ट. अमेरिकेत गुडघ्याखालच्या आणि घोट्याजवळच्या गुंतागुंतीच्या मोडींवर व्हॅन्को नावाचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापला गेला. ९८० पेशंट होते. प्लेट बसवून जखम शिवण्याआधी निम्म्यांच्या जखमेत एक ग्रॅम व्हॅन्कोमायसिनची पूड टाकली. सहा महिन्यांत खोल लागण पूड मिळालेल्यांत ६.४ टक्के, न मिळालेल्यांत ९.८ टक्के. फायदा दिसला तो व्हॅन्कोमायसिनला दबणाऱ्या ग्राम-पॉझिटिव्ह जंतूंवर, बाकीच्यांवर नाही. पण ती पूड निर्जंतुक होती, जखम थिएटरमध्ये धुतलेली होती, आणि ती लागण होऊ नये म्हणून टाकली होती. चालू झालेल्या पुवावर टाकलेली कॅप्सूल वेगळी.

उघड्या मोडीत, म्हणजे चामडी फाटून हाड बाहेर दिसतंय अशा वेळी, मण्यांचा उपयोग सर्वांत आधी होऊ शकतो. अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये ऑस्टरमन, सेलिगसन आणि हेन्री यांनी १०८५ उघड्या मोडींचा हिशेब १९९५ साली मांडला. फक्त शिरेतून औषध मिळालेल्यांत लागण १२ टक्के, जखमेत मणी ठेवून वरून प्लॅस्टिकचा पडदा लावलेल्यांत ३.७ टक्के. तो मागे वळून केलेला हिशेब आहे, चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेला अभ्यास नव्हे, म्हणून मी तो थोडा राखूनच सांगते. तरी फरक बराच आहे.

आपल्या बांधीतल्या चिखलात मोडलेल्या पायाचं काय करायचं ते सोपं आहे. हाड आत ढकलू नका, माती-शेण-चुना लावू नका, स्वच्छ कापडाने झाका, बांबूच्या कामट्यांनी पाय आहे तसा धरून ठेवा, १०८ ला फोन करा. पहिल्या तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस अंगात गेला पाहिजे. तो डोस सडक अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयातही देता येतो. त्यासाठी नागपूर गाठायची वाट पाहायची नसते.

७. पोराचं हाड सुजलं तर आधी सिकलसेल तपासा

हा मुद्दा गोंदिया, भंडारा, गडचिरोलीसाठी. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात तो शेवटच्या पानावर असतो, आमच्या ओसरीवर पहिला येतो.

नागपूर भागात सिकलसेल असल्याचं शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच दाखवून दिलं. या आजारात तांबड्या पेशी वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडाचा तुकडा रक्तावाचून मरतो. जंतू नसतानाही हाड दुखतं, सुजतं, ताप येतो. लहान मुलाचे दोन्ही हात-पाय सुजतात. त्यावर नागपूरच्या डॉ. सुधीर बाभुळकर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली इंग्लंडच्या हाडांच्या मासिकात लिहिलं आहे. उलट बाजू अशी की याच मुलांत खरी लागणही जास्त होते, आणि साल्मोनेला, म्हणजे टायफॉइडच्या कुळातला जंतू, हाडात जाऊन बसतो. व्हॅन्कोमायसिनचा साल्मोनेलावर काही परिणाम होत नाही. म्हणजे जंतू न पाहता नेहमीचे मणी घातले, तर महागडी माळ नुसती शोभेला राहते.

पू आहे की नुसतं रक्त अडकलंय, हे ठरवणं मोठमोठ्या डॉक्टरांनाही जड जातं. सुरुवातीचा एक्स-रे कामाचा नसतो. हाडातला बदल त्यावर उमटायला दहा-पंधरा दिवस लागतात. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्ताची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर मागून करून घ्या, झाली असेल तर कार्ड भरतीच्या वेळी पहिल्यांदा दाखवा. ऑपरेशन करावंच लागलं तर थिएटरमध्ये अशा मुलाला थंडी वाजू द्यायची नाही, तहानलेलं ठेवायचं नाही, प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही. ते कार्ड खिशात राहिलं तर यातलं काहीच होत नाही.

८. गोळीला कमी लेखू नका

मणी घातले म्हणून पोटातलं औषध बंद होत नाही. डॉक्टर सांगतील तितके आठवडे ते घ्यावंच लागतं. आपल्या लोकांचा जीव सलाईनमध्ये अडकलेला. गोळी दिली की वाटतं डॉक्टरने बोळवण केली.

ब्रिटनमधल्या २६ रुग्णालयांत १०५४ हाडा-सांध्यांच्या पेशंटांवर ओव्हिव्हा नावाचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापला. निम्म्यांना सहा आठवडे शिरेतून, निम्म्यांना तोंडाने. वर्षभराने उपचार फसलेले शिरेवाल्यांत १४.६ टक्के, गोळीवाल्यांत १३.२. म्हणजे नीट निवडलेली गोळी कमी पडली नाही. नीट निवडलेली हे महत्त्वाचं, आणि नेमाने घेतलेली हे त्याहून. रोवणी आली की गोळ्या विसरतात, हे मी दरवर्षी पाहते.

९. खर्रा

निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. हाडात औषध पेरायचं आणि गालात तंबाखूचा खर्रा धरायचा, हे एकत्र चालत नाही. यावर मी वाद घालत नाही.

१०. माळ काढल्यावर पोकळी उरते

मेलेलं हाड काढलं म्हणजे मधे खिंडार. फ्रान्सचे मास्केले यांनी त्यावर सुरेख तोड काढली. खिंडारात औषध मिसळलेला सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. शरीर त्याच्याभोवती सहा-आठ आठवड्यांत एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेलं आवरण तयार करतं. मग ठोकळा काढून त्या आवरणात कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. शरीर परक्या वस्तूला वेढा घालतं, आणि तो वेढाच पुढे कामाला येतो.

मोठं खिंडार असेल तर पायाला बाहेरून बसवायच्या इलिझारोव्हच्या रिंगा. हाड दुसरीकडे कापून रोज एक मिलिमीटर सरकवायचं, दिवसातून चार वेळा पाव-पाव. नट घरचे फिरवतात. बायका हे काम पुरुषांपेक्षा नेमाने करतात, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. यासाठी परदेशी जायची गरज नाही, अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांनी या पद्धतीचं मोठं केंद्र उभं केलंय आणि लागण झालेल्या न जुळलेल्या नडगीवर विस्ताराने लिहिलंय. मुंबईच्या डॉ. बी. बी. जोशी यांची ‘जेस’ ही स्वस्त, हलकी बाहेरची चौकटही आपल्याच मातीतली.

वेळ लागतो. पायासाठी वर्ष जाऊ शकतं. शेती बटईने द्यावी लागते, पोरांच्या फीची सोय करावी लागते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जाऊन महात्मा फुले योजनेत काय बसतं ते ऑपरेशनच्या आधी विचारा, नंतर नाही. आणि जुनी वाहणारी जखम ‘सवयीची झाली’ म्हणून वर्षानुवर्षं ठेवू नका. अशा जखमेच्या कडेला कधीकधी कर्करोग होतो. कडा जाड झाल्या, वास बदलला, रक्त येऊ लागलं, तर तुकडा तपासायला द्या.

११. मणी मोजून घ्या

सिमेंटचे मणी आत कायमचे ठेवायचे नसतात. औषध सुटायचं थांबलं की तोच मणी परकी वस्तू होतो, आणि ज्या जंतूंना मारायला घातला तेच त्याच्यावर थर करून बसू शकतात. वरून थोडं थोडं झिरपणारं औषध त्यांना मारत नाही, निगरगट्ट मात्र करतं. साधारण चार ते सहा आठवड्यांत काढतात. उशीर केला तर भोवतीचं मांस मण्यांना घट्ट धरतं आणि काढताना तार तुटते.

आम्ही घालताना मोठ्याने मोजायचो, फळ्यावर लिहायचो, काढताना पुन्हा मोजायचो. पण पेशंट काढायला दुसऱ्या गावी गेला तर फळा त्याच्याबरोबर जात नाही. दुखणं थांबलं, पाय टेकता येऊ लागला, धानाची कापणी आली, की माणूस परत जायचं टाळतो, आणि दोन-तीन वर्षांनी ठणका लागला म्हणून एक्स-रे काढतो तर माळ आतच.

म्हणून घरी सोडण्याच्या कागदावर एवढं लिहून मागा: आत काय घातलंय, विरघळणारं की न विरघळणारं, कुठलं औषध, किती ग्रॅम, मणी किती, काढायची तारीख कोणती, कल्चरमध्ये कुठला जंतू आला. घातल्यानंतरचा एक्स-रे स्वतःजवळ ठेवा. कागदाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवा. लिहून दिलेलं नसेल तर दारातून परत फिरा आणि लिहून घ्या. तो कागद घेऊन सौंदडला आलात, तर माझी ओसरी उघडी आहे.